स्थिर बिंदू शोधायला सायपाय : आठ महिन्यांनंतर

गेले आठ महिने सायपाय (पायथनमधली वैज्ञानिक गणिताची लायब्ररी) मी एकाच कामाला जुंपलंय. दोन चलांच्या फलनाचा ग्रेडियंट (दोन्ही दिशांतला उतार) जिथे शून्य होतो ते सगळे बिंदू, म्हणजे स्थिर बिंदू, शोधायचे आणि प्रत्येक मिनिमम (खळगा), मॅक्सिमम (शिखर) की सॅडल (खिंड : एका दिशेने चढ, दुसऱ्या दिशेने उतार) हे ठरवायचं. सरावाला हिमेलब्लाऊचं फलन घेतलं : (क्ष² + य − ११)² + (क्ष + य² − ७)². त्याचे स्थिर बिंदू ९ : ४ मिनिमम, ४ सॅडल, १ मॅक्सिमम.

नुसतं मिनिमाइझ (सायपायचं किमान किंमत शोधणारं फंक्शन) चालवून चार मिनिमम पटापट मिळाले, बाकीचे पाच काही येईनात. उतार धरून निघालेली पद्धत खिंडीत थांबेल कशाला? मग ग्रेडियंटची दोन समीकरणंच रूटला (समीकरणं सोडवणाऱ्या फंक्शनला) दिली. −५ ते ५ च्या चौकोनात ०.५ अंतराने ४४१ ठिकाणांहून सुरुवात केली आणि सारखी उत्तरं एकत्र केली. नऊच्या नऊ हाती आले.

फसलो ते वर्गीकरणात. (३.३८५, ०.०७४) जवळचा बिंदू पूर्ण अचूकतेने मिनिमाइझला दिला, तर एकही पायरी न चढता-उतरता 'यशस्वी' असा शेरा. सोबत आलेल्या व्यस्त हेसियनच्या (हेसियन म्हणजे द्वितीय अवकलजांचं मॅट्रिक्स) दोन्ही आयगनव्हॅल्यू धन (धन म्हणजे त्या दिशेने चढ, ऋण म्हणजे उतार), म्हणून मी मिनिमम लिहून मोकळा झालो. पण बीएफजीएस (मिनिमाइझची नेहमीची पद्धत) एकक मॅट्रिक्सपासून सुरू होतं आणि पुढेही ते धनच राखतं. ऋण आयगनव्हॅल्यू तिथे दिसणारच नाही. खरं हेसियन मांडलं तेव्हा ९७.५ आणि −१४.१ आले. सरळ सरळ खिंड!

दुसरी चूक पायरीच्या लांबीची. मॅक्सिममपाशी फलनाची किंमत १८१.६ आहे. द्वितीय अवकलजासाठी पायरी १०⁻⁸ घेतली की शेवटच्या अंकातली चूक १०⁻¹⁶ ने भागली जाते आणि शेकड्यांच्या घरात जाते. खऱ्या आयगनव्हॅल्यू −४५.६ आणि −१६.१, त्यांचं चिन्हही भरवशाचं राहत नाही. १०⁻⁴ घेतल्यावर उत्तर जुळलं. आता मी सिम्पायकडूनच (सूत्रांवर काम करणारी पायथन लायब्ररी) नेमके अवकलज काढून घेतो, आणि तुम्हीही तेच करा असं कळकळीने सांगेन.

एवढं करूनही क्ष³ − ३क्षय² सारखं फलन आलं की हेसियन गप्प बसतं, कारण मूळबिंदूवर ते पूर्ण शून्य. तिथे मी बिंदूभोवती छोटं वर्तुळ घेऊन त्यावरच्या किमती तपासतो. एका फेरीत चिन्ह सहा वेळा बदलतं : तीन चढ, तीन उतार.