आधी कोणता बनवायचा: स्पेस इनव्हेडर्स की पॅक-मॅन?

परभणीत मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची सोय नाही. म्हणून भाच्याला घेऊन पायगेममध्ये (पायथन भाषेत गेम बनवायचं साधन) जुना गेम नव्यानं बनवायला बसलो. त्याला भुतांना चुकवत चक्रव्यूहात ठिपके खायचा पॅक-मॅन हवा होता, मला वरून उतरणारे शत्रू गोळ्या झाडून पाडायचा स्पेस इनव्हेडर्स. शेवटी दोन्ही केले.

१९७८ चा स्पेस इनव्हेडर्स दिसायला सोपा. ५ ओळी, प्रत्येकीत ११, असे ५५ शत्रू दोन दिवसांत पडद्यावर हलायला लागले. पण खेळताना मजाच येईना. गोम अशी, की मूळ यंत्र दर फ्रेमला, म्हणजे पडदा एकदा नव्यानं रंगवताना, एकच शत्रू सरकवायचं. ५५ असताना प्रत्येकाचं सेकंदाला जेमतेम एक पाऊल, आणि एकटा उरला की तो सुसाट. आम्ही सगळे एकदम सरकवत होतो. लूप, म्हणजे दर फ्रेमला पुन्हा चालणारा कोड, बदलला आणि भाचा खुर्चीतून उठलाच, "मामा, हा शेवटचा लई पळतोय!"

१९८० च्या पॅक-मॅनमध्ये चित्रं किरकोळ, घाम काढतात ती चार भुतं. लाल थेट मागे लागतं, गुलाबी तुमच्या चार घरं पुढची जागा धरतं, नारिंगी जवळ आलं की कोपऱ्याकडे वळतं. निळ्याचं गणित मात्र लाल कुठे आहे त्यावरही ठरतं. तिथं आमचे तीन रविवार गेले. त्यात एकदा लाईट गेली अन् सेव्ह केलेलं नव्हतं.

नवख्यानं स्पेस इनव्हेडर्सच घ्यावा. पॅक-मॅनचा हट्टच असेल तर आधी फक्त लाल भूत घाला. आमचं निळं अजून कधीमधी भिंतीतून आरपार जातं. भाचा म्हणतो, भूतच आहे, जाऊ दे की.