जुन्या ड्रमसेटच्या रिंगा: घासायच्या, क्रोमला द्यायच्या की नव्या घ्यायच्या?

लगनसराई सरली की आमच्या खान्देशात बँडवाल्यांचे ड्रम माळ्यावर चढतात. मृग-आर्द्रा तिथेच काढतात. तुळशीच्या लग्नाला खाली उतरवले की रिंगांवर, म्हणजे ड्रमचा पडदा काठाशी आवळून धरणाऱ्या कड्यांवर, तांबूस पुरळ उठलेलं असतं. एरवी तासाभराच्या पुसपासात भागतं. पण सेट जुना, परदेशी बनावटीचा असेल तर घाई नको.

भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून माझ्याकडे आलेला सेट जपानी होता: २२ इंची बेस, १२ आणि १३ चे टॉम (मधले ड्रम), १६ चा फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा राहणारा), १४ चा स्नेअर (खाली तारा ताणलेला). प्रत्येक ड्रमला वर एक, खाली एक, म्हणजे लोखंडी रिंगा आठ आणि बेसच्या लाकडी दोन. त्या आठांवर मी तिन्ही उपाय करून बसलोय.

आधी रिंग सगळ्या बोल्टांतून सोडवून स्वयंपाकघरातल्या कडाप्प्यावर पालथी ठेवा. सरळ असेल तर सगळीकडून टेकते. कुठे फट दिसली तर तिथे रुपयाचं नाणं सरकवून बघा. नाणं आत गेलं तर ती रिंग वाकलेली आहे. मग व्यास दोन-तीन दिशांनी मोजा. गोल आहे की अंडाकृती झाली ते कळतं. फ्लोअरची वरची रिंग मी तासभर घासली, आणि आमच्या गल्लीतले बँडवाले नाना नुसती हातात घेऊन म्हणाले, "भाऊ, हाई रिंग वाकेल शे, घासीसन काय करशी?" वाकलेल्या रिंगेवर बोल्ट आवळायची चावी कितीही फिरवा, एका बोल्टाजवळ हेड (ड्रमचा पडदा) ताणलेलं आणि शेजारी सैल राहतं.

मग लोहचुंबक. चिकटलं तर पोलाद. नाही चिकटलं आणि रिंग जाड, ओतीव असेल तर बहुधा जस्ताचा मिश्रधातू. पातळ, दुमडलेल्या काठाची असेल तर पितळ असू शकतं. पितळी रिंग हाती लागली तर काळी पडलीय म्हणून भंगारात टाकू नका. तिला गंज चढतच नाही.

आता घासणं. खर्च जवळजवळ शून्य, आणि माझा कौल बहुतेक वेळा इथेच. चपात्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल चुरगाळायची, पाण्यात बुडवायची आणि गंजावर फिरवायची. क्रोमपेक्षा ॲल्युमिनियम मऊ असतं, म्हणून चकाकीवर ओरखडा येत नाही. भांड्यांची तारेची घासणी मात्र लांब ठेवा. काळे ठिपके उरतात, कारण तिथे क्रोमखालचं लोखंड खाल्लं गेलेलं असतं. ते घासून जाणार नाहीत. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. लोखंडी रिंगेला तो एक वेळ चालेल, जस्ताच्या रिंगेला अजिबात नाही. आम्ल जस्त खातं. धुतल्यावर लगेच कोरडं करून गाडीचं मेण लावा. माझ्या पाच रिंगा अशाच निभावल्या, आणि दोन हात लांबून ठिपके दिसतही नाहीत.

क्रोमला देणं दिसायला सगळ्यात देखणं, आणि मी फसलो तेही इथेच. बुलेटचे लेगगार्ड चकचकीत करून देणाऱ्या एका कारखान्यात स्नेअरच्या दोन रिंगा दिल्या. जुना थर उतरवतात, बफिंग करतात, मग तांबं, निकेल आणि शेवटी क्रोम चढवतात. वरचं क्रोम एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतं. चमक आणि गंजापासूनचं रक्षण खालच्या निकेलचं काम. त्यामुळे 'क्रोम जाड मारा' म्हणण्यात अर्थ नाही, निकेलबद्दल विचारायचं. माझ्या रिंगा आरशासारख्या होऊन आल्या, पण बफिंगच्या चाकाने बोल्टांची भोकं लांबट झाली होती आणि कंपनीचा ठसा गुळगुळीत. द्यायच्याच असतील तर आठही एकदम द्या, नाहीतर रंग जुळत नाही. ठशावर चाक जोरात लावू नका हे आधी बजावा, आणि टांगायची तार बोल्टाच्या भोकातूनच घालायला सांगा. संग्राहकाला विकायचा विचार असेल तर मात्र हा रस्ता सोडा. त्याला मूळचा मळकट थरच हवा असतो.

नवी रिंग वाकलेलीला एकमेव खरा उपाय. बँडच्या सामानासाठी आपल्याकडे मेरठचं नाव आहे, आणि साध्या लोखंडी रिंगा मागवता येतात. पण इंच जुळले म्हणून रिंग जुळली असं नाही. बोल्टांची भोकं मोजा: टॉमला बहुधा सहा, फ्लोअरला आठ, स्नेअरला आठ किंवा दहा. स्नेअरच्या खालच्या रिंगेला तारांची पट्टी जाण्यासाठी खाचा लागतात. त्या नसलेली रिंग पाठवली तर परत करा. प्रीमियर या इंग्लिश कंपनीचा जुना सेट असेल तर जास्तच जपा, त्यांच्या जुन्या काही मापांवर आजची हेड्स बसतच नाहीत. जाडीनेही आवाज बदलतो. १.६ मिलिमीटरची साधी रिंग आवाज मोकळा ठेवते, २.३ ची किंवा ओतीव रिंग तो आवळते. काठावरचा फटका मात्र कडक निघतो. मिरवणुकीत वाजवणाऱ्याला जाड रिंग आवडेल. जुन्या सेटचा गोडवा हवा असेल तर पातळच.

बेसच्या लाकडी रिंगांना यातलं काहीच लागू नाही. जळगावच्या मे महिन्यात त्यांचा सांधा उघडतो. उघडला तर फेव्हिकॉल भरून सायकलच्या जुन्या ट्यूबने करकचून बांधा आणि दोन दिवस सावलीत ठेवा. शेलशी (ड्रमच्या अंगाशी) जुळणारी रंगीत पट्टी रिंगेवर असेल तर तिथे पॉलिश पेपर चालवू नका, ती पट्टी पुन्हा मिळत नाही. आणि बेस वाजवायच्या पेडलचा शिकंजा जिथे आवळतो तिथे त्याच ट्यूबचा एक तुकडा घाला.