मणक्यातली गादी सरकली: महिनाभर पिंजरा की शस्त्रक्रिया?

आमची कुत्री शेंगी डॅशहुंड जातीची आहे. लांब पाठ, बुटके पाय, म्हणून नाव शेंगी. ५ वर्षांची असताना तिची पाठ पहिल्यांदा धरली आणि ७ वर्षांची झाल्यावर एका सकाळी मागचे दोन्ही पाय गेले. पहिल्या वेळी महिनाभर पिंजऱ्यात ठेवून ती बरी झाली. दुसऱ्या वेळी रातोरात गाडी करून पुण्याला नेलं, शस्त्रक्रिया झाली. दोन्ही उपाय एकाच जिवावर पाहिले, त्यामुळं परभणी-सेलूकडं कुणाच्या डॅशहुंडची पाठ धरली की मला फोन येतो. प्रश्न एकच असतो: ऑपरेशन करावं की नुसतं झोपवून ठेवावं?

बहुतेक घरांत याचा निर्णय खिशाकडं बघून होतो. मी सांगते, आधी पायांकडं बघा. कुत्रं दुखण्याच्या कोणत्या पायरीवर आहे हे कळलं की निम्मा निर्णय तिथंच होतो.

दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. बाहेर चिवट कडं, आत मऊ गर. डॅशहुंड, बीगल, शिह त्झू, ल्हासा, पेकिनीज या बुटक्या जातींमध्ये हा गर वयाच्या पहिल्या वर्षातच सुकायला लागतो, त्यात चुना साठतो. आखूड पायांशी जोडलेला जनुकातला बदलच याच्या मुळाशी आहे, हे २०१७ मध्ये समोर आलं. मग एखाद्या दिवशी दिवाणावरून उडी मारताना, कधी काहीच न करता, कडं फाटतं आणि तो गर वर मज्जारज्जूवर जाऊन आदळतो. साधारण ३ ते ७ या वयात हे जास्त होतं आणि बहुतेक वेळा जिथं छाती संपून कंबर सुरू होते तिथं.

आपल्याकडं शेजारी म्हणतात, "माय, हिला लकवा मारला वाटतं, तेल लावून चोळा." कृपा करून चोळू नका. हाड बसवणाऱ्याकडंही नेऊ नका. आत गर बाहेर आलेला असताना पाठ दाबणं, ताणणं म्हणजे उरलेलाही बाहेर काढणं.

आता पायऱ्या. पहिली, नुसतं दुखणं: पाठ कमानीसारखी, उचललं की ओरडतं, जिना चढत नाही. दुसरी, चालतं पण मागून झोकांड्या जातात. तिसरी, पाय हलतात पण उभं राहता येत नाही. चौथी, पाय अजिबात हलत नाहीत, पण बोट जोरात चिमटलं तर कळतं. पाचवी, तेही कळत नाही.

चौथी आणि पाचवी यांतला फरक घरच्यांच्या हातून सगळ्यात जास्त चुकतो. बोट दाबलं की पाय आखडतो आणि सगळे म्हणतात, आहे की जाणीव. ती जाणीव नव्हे. पाय आखडून घ्यायचा हुकूम मज्जारज्जूचा खालचा तुकडा स्वतःच देतो, मेंदूला पत्ताही नसतो. खरी जाणीव म्हणजे कुत्र्यानं मान वळवून बघणं, ओरडणं, चावायला येणं. शेंगीचा पाय डॉक्टरांनी चिमट्यानं दाबला तेव्हा पाय आखडला, पण ती माझ्या तोंडाकडं बघत शांत बसली होती. दुसऱ्यांदा हाडापर्यंत दाबल्यावर ती कळवळून वळली. त्या कळवळण्यानं मला जेवढा धीर दिला तेवढा कुणाच्या शब्दांनी दिला नव्हता. ही तपासणी पशुवैद्यकाकडूनच करून घ्या आणि "जाणीव आहे की नुसता पाय आखडतोय?" असं स्पष्ट विचारा.

आता दोन्ही उपाय शेजारी ठेवू. पहिल्या दोन पायऱ्यांवर नीट केलेल्या विश्रांतीनं साधारण ८० टक्के कुत्री सावरतात. तिसरीवरही बरीच सावरतात, पण हळू. तिथं दुखणं औषधाला दाद देत नसेल किंवा चाल दिवसागणिक बिघडत असेल तर शस्त्रक्रियेकडं वळावं. चौथीवर विश्रांतीनं साधारण ६० टक्के पुन्हा चालतात, तर शस्त्रक्रियेनं ९० टक्क्यांच्या वर. पाचवीवर विश्रांतीचा भरवसा फार थोडा उरतो. शस्त्रक्रियेनं मात्र निम्म्याहून थोडी अधिक कुत्री उठतात. म्हणून पहिल्या दोन पायऱ्यांवर मी कुणालाही कर्ज काढून पुण्याला पळा असं सांगत नाही. चौथ्या पायरीला मात्र "चार दिवस बघू" हे मला पटत नाही. हातात पैसा असेल, उभा करता येत असेल, तर त्याच दिवशी निघा. दोन दिवस आधीच गेले असतील तरी दार बंद झालं असं समजू नका, विचारून बघा.

पाचव्या पायरीवरच्या दहातल्या एखाद-दुसऱ्या कुत्र्यात मज्जारज्जू डोक्याच्या दिशेनं सडत जातो. पोट सैल पडतं, पाठीवरची बधिर रेघ पुढं सरकते, शेवटी श्वास अडतो. हे काही दिवसांत होतं आणि शस्त्रक्रियेनंही थांबत नाही. शस्त्रक्रियेला जाण्याआधी घरातल्या सगळ्यांना हे माहीत असावं.

विश्रांती स्वस्त आहे, सोपी अजिबात नाही. खोलीत ठेवलं म्हणजे विश्रांती नव्हे. उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून निजता येईल एवढाच पिंजरा हवा, उडी मारता येईल एवढा नको. अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांनी २०२२ मध्ये जे एकमतानं मांडलं त्यात कमीत कमी ४ आठवडे सांगितले आहेत, कारण फाटलेलं कडं सांधायला तेवढा वेळ लागतो. बाहेर काढायचं ते फक्त शी-शूला, तेही छातीच्या पट्ट्यानं, गळ्याच्या नाही. पोटाखालून जुन्या ओढणीची झोळी धरायची. खरी परीक्षा पाचव्या-सहाव्या दिवशी येते. औषधानं दुखणं थांबलेलं असतं, कुत्रं खुशाल असतं, आणि आजी म्हणते, "लेकराला किती कोंडून ठेवता?" आमच्याकडं शेंगीला त्या दिवशी ओसरीवर सोडलं आणि ती शहाबादी फरशीवरून घसरली. पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू. तेव्हापासून तिच्या वावरण्याच्या वाटेवर गोणपाट अंथरलेलं असतं. उन्हाळ्यात पिंजरा पत्र्याखाली ठेवू नका. आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं जातो आणि कोंडलेल्या जिवाला सावली शोधता येत नाही.

औषधांबद्दल दोनच गोष्टी. घरातली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी कुत्र्याला देऊ नका, पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. आणि सूज उतरवणारी साधी वेदनाशामकं चालू असताना स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ देऊ नका. आधी काय दिलंय हे प्रत्येक डॉक्टरला सांगा, कागद बरोबर ठेवा. स्टेरॉइडनं कुत्रं लवकर चालतं असा समज अजून आहे. वर सांगितलेल्या तज्ज्ञांनी मात्र ते नेहमीसारखं वापरू नये असंच म्हटलंय.

शस्त्रक्रियेत मणक्याच्या बाजूनं हाडाची लहानशी खिडकी करून आतला गर काढतात. त्याआधी एमआरआय लागतो, निदान सीटी स्कॅन तरी. साध्या एक्स-रेत चुना साठलेली गादी, अरुंद झालेली फट दिसते, पण मज्जारज्जू नेमका कुठं दबलाय ते खात्रीनं कळत नाही. जाणं-येणं, तपासण्या, मुक्काम धरून आमचा खर्च लाखाच्या घरात गेला. एक गैरसमज मात्र काढून टाका: ऑपरेशन केलं म्हणजे पिंजरा चुकला असं होत नाही. त्यानंतरही ४ ते ६ आठवडे तीच कोंडी, तीच झोळी. शस्त्रक्रियेचा मोठा फायदा पुढं दिसतो. नुसत्या विश्रांतीनं बऱ्या झालेल्या कुत्र्यांत हे दुखणं परत येण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. शेंगीला दोन वर्षांनी आलंच. शस्त्रक्रियेच्या वेळी शेजारच्या गाद्यांमधला गरही काढून घेता येतो, त्यानं पुढचा धोका कमी होतो. हे सर्जनला आधीच विचारा.

दोन्हीकडं सारखीच एक गोष्ट आहे, लघवी. मागचे पाय गेले की बऱ्याचदा मूत्राशयही आपणहून रिकामं होत नाही. उचललं की थेंब थेंब गळतं आणि आपण समजतो, होतेय की. प्रत्यक्षात ते तुडुंब भरून वरून सांडत असतं. दिवसातून ३-४ वेळा हातानं दाबून रिकामं करावं लागतं. हे वाचून जमत नाही, डॉक्टरांच्या हाताखाली आपला हात ठेवून शिकायचं. मला तिसऱ्या दिवशी जमलं.

पाय परत आलेच नाहीत तरी दुखणं थांबलेलं कुत्रं दोन चाकांच्या गाडीवर मजेत जगतं. ज्याच्या घरी दिवसभर कुणीतरी असतं त्यानं हा विचार जरूर करावा. दोघंही नोकरीवर जात असतील तर मूत्राशयाचं काम निभणार का, हे आधी स्वतःशी कबूल करा.

पॉमेरेनियन मागचा पाय उचलून चालत असेल तर आधी गुडघ्याची वाटी बघून घ्या, त्या जातीत ती फार सरकते. पगमध्ये जन्मतःच वाकडे मणके असू शकतात, तिथं वरचं गणित जसंच्या तसं लागू होत नाही.

पहिली तपासणी जवळच करा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. ढोरांचा दवाखाना म्हणून लोक तिथं कुत्रं न्यायला कचरतात, तसं करू नका. पायरी कोणती, जाणीव आहे का, एवढं तिथं कळलं तरी पुढचा रस्ता ठरतो. छत्रपती संभाजीनगरहून पुणे सुमारे २३५ किलोमीटर, नांदेडकरांना हैदराबाद सुमारे २८०. उन्हाळ्यात रात्रीच निघा. कुत्र्याला कडेवर घेऊ नका, फळीवर किंवा कडक पुठ्ठ्यावर आडवं ठेवून दोन ठिकाणी टॉवेलनं सैलसर बांधा. निघण्यापूर्वी मूत्राशय रिकामं करून घ्या. आणि गाडीत बसायच्या आधी फोन करून विचारा की आज एमआरआय चालू आहे का आणि मणक्याची शस्त्रक्रिया करणारे सर्जन आजच हजर आहेत का. आम्ही पहिल्या दवाखान्यात पोचलो तेव्हा यंत्र होतं, सर्जन दोन दिवसांनी येणार होते.