दीक्षा ॲप: पुस्तकातल्या क्यूआर कोडचा उपयोग

केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘दीक्षा’ या मोफत ॲपची उपयुक्तता बालभारतीचे पुस्तक शेजारी उघडे ठेवल्यावरच नीट कळते. पुस्तकात छापलेला क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केला की त्या पाठाशी जोडलेले साहित्य उघडते, आणि ते आधी डाउनलोड करून ठेवता येत असल्यामुळे, जिथे घरातला एकुलता मोबाइल संध्याकाळी तासभरच मुलांच्या हाती येतो आणि नेटवर्कचाही भरवसा नसतो, तिथेही अभ्यास अडत नाही. यूट्यूबवर हाच विषय शोधणाऱ्या मुलाचे लक्ष शेजारच्या शिफारशी पळवतात. येथे तो मोह नाही, आणि माझ्या मते हीच या ॲपची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. विज्ञानातील प्रयोग आणि भूमितीतील रचना पडद्यावर चांगल्या उलगडतात, कवितेला मात्र त्याचा फारसा लाभ होत नाही. शंका विचारायला शेवटी शिक्षकच लागतात (ते व्हॉट्सॲपच्या वर्गगटावर रात्री दहालाही सापडतात, हा भाग वेगळा). पाचवीपुढच्या मुलांसाठी हे ॲप जरूर घ्यावे; त्याहून लहान मुलांजवळ पालकांनी बसणे आवश्यक आहे.