वायएअर ८८पी, टायरमध्ये हवा भरायचा कंप्रेसर: लॉगिंग रोडने (जंगलातल्या लाकूडतोडीच्या रस्त्याने) कॅम्पिंगला जाणार असाल तर आधी हा घ्या

व्हँकुव्हरच्या बाजूला राहून हॅरिसन लेकच्या पश्चिमेकडच्या फॉरेस्ट रोडने ट्वेंटी माइल बेला वगैरे तंबू टाकायला जाणाऱ्यांसाठी लिहितोय. आमची टोयोटा फोररनर आहे, टायर ३२ इंची. हा रस्ता मुळात लाकडाच्या ट्रकांचा, त्यामुळे सुरुवातीच्या पाटीवरचा चॅनल गाडीतल्या टू-वे रेडिओवर लावायचा, किलोमीटरचे बोर्ड त्यावर बोलत जायचं आणि भरलेला ट्रक आला की आपण बाजूला थांबायचं, एवढं पाळलं की झालं.

खरा त्रास खडीचा. पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या असतात, टायरमध्ये ३५ पीएसआय (हवेचा दाब) असला की गाडी नुसती खडखडते, आई भारतातून आलेली तेव्हा मागे बसून तिची पाठ धरली होती. २० वर आणलं की टायर पसरून दगडावर नीट बसतो, हादरे कमी होतात, पकडही वाढते. जुन्या बंद फाट्यांवर पाणी जायला आडवे चर खणलेले असतात ना, तिथे तर फरक लगेच कळतो.

पण उतरलेली हवा परत भरायची कशी? तशाच टायरांवर हायवे ७ ला स्पीड धरला तर टायर तापून फाटू शकतो. आधी माझ्याकडे लायटरच्या सॉकेटवरचा एक स्वस्तातला कंप्रेसर होता, दुसऱ्याच टायरला फ्यूज उडाला आणि पेट्रोल पंपापर्यंत हॅझर्ड लावून चाळीसने आलो, पोरं मागे झोपलेली, तेव्हा जाम टेन्शन आलं होतं.

८८पी थेट बॅटरीला चिमट्यांनी लागतो त्यामुळे लायटर सॉकेटचा फ्यूज उडायची भानगडच नाही, इंजिन चालू ठेवायचं बस. एका टायरला साधारण चार मिनिटं. पाइप मागच्या चाकापर्यंत आरामात पोचतो. आपोआप बंद होत नाही, काट्यावर लक्ष ठेवावं लागतं, मला ते चालतं. एकच सांभाळा, पाइपच्या तोंडाचा पितळी भाग चौथ्या टायरपर्यंत चांगलाच तापतो, बोटं भाजतात. बाबांनी खिशातला नॅपकिन काढून दिला, तो आता पिशवीतच असतो, व्हॉल्व्हची टोपणं पण त्यातच बांधून ठेवतो म्हणजे खडीत हरवत नाहीत.

टायर ३३ इंचाच्या वरचे असतील तर मात्र याच्या वाट्याला जाऊ नका, मोठं मॉडेल बघा.