ऑपरेशनआधी रक्तपेढीचं सॅम्पल कधी घ्यायचं: तीन दिवसांचा नियम की वाढीव मुदत?

नाशिकच्या गंगापूर रोड, मुंबई नाका, द्वारका परिसरातल्या ज्या हॉस्पिटलांकडे स्वतःची रक्तपेढी नाही, त्यांना हा प्रश्न वरचेवर पडतो. सुरगाणा किंवा पेठहून गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आलेले आजोबा फिटनेस तपासणीला एकदा नाशिकला येतात, ऑपरेशनला पुन्हा येतात. पहिल्याच फेरीत क्रॉसमॅचचं (रुग्णाचं रक्त पिशवीतल्या रक्ताशी जुळतं का, या चाचणीचं) सॅम्पल घेऊन ठेवलं तर चालेल का? काही रुग्णांच्या बाबतीत चालतं. काहींच्या बाबतीत मात्र ही सोय जिवावर बेतू शकते.

आधी तीन दिवसांचा नियम पाहू. रुग्णाला गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलेलं असेल, ती बाई त्या काळात गरोदर असेल, किंवा यातलं काहीच खात्रीने कळत नसेल, तर सॅम्पल रक्त चढवण्याआधीच्या तीन दिवसांतलंच हवं. सॅम्पल घेतलेला दिवस शून्य धरायचा. सोमवारी घेतलं तर ते गुरुवारी रात्री बारापर्यंत चालतं. गुरुवारची केस शुक्रवारवर गेली की नवं सॅम्पल. परक्या लाल पेशी नुकत्याच शरीरात गेल्या असतील, तर त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी (परक्या पेशींवर हल्ला करणारं प्रथिन) कधी तयार होईल याचा भरवसा नसतो. आधी कधीतरी ओळख झालेली असेल तर ती काही दिवसांतच उसळते. आठ दिवसांपूर्वीच्या सॅम्पलमध्ये ती दिसलीच नाही, म्हणून आज ती नाही असं म्हणता येत नाही.

आता वाढीव मुदत. गेल्या तीन महिन्यांत रक्तही नाही आणि गर्भधारणाही नाही, अशा रुग्णात नवी अँटीबॉडी उगवायला काही कारण नसतं. म्हणून अमेरिकेतली काही रुग्णालयं अशांचं सॅम्पल 14 दिवस, काही 30 दिवससुद्धा ग्राह्य धरतात. या पद्धतीची खरी कमाई वाचलेल्या फेरीपेक्षा मोठी आहे. स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे रुग्णाच्या रक्तात अशी अँटीबॉडी आहे का हे पाहणाऱ्या चाचणीत, ती सापडली तर शोधाशोध करायला वेळ हातात राहतो. लाल पेशींवरच्या ई अँटीजन या खुणेविरुद्धची (इंग्रजी मोठ्या लिपीतला ई) अँटीबॉडी असेल तर साधारण पाचातल्या चार पिशव्या चालतात, काम सोपं. लहान लिपीतल्या ई विरुद्ध असेल तर शंभरात जेमतेम दोन-तीन पिशव्या जुळतात. आणि रुग्ण बॉम्बे गटाचा निघाला तर? 1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला हा गट नुसत्या पेशींच्या तपासणीत ओ वाटतो, पण ओ गटाची कुठलीच पिशवी त्याला जुळत नाही. त्याला बॉम्बे गटाचाच दाता लागतो. हे ऑपरेशनच्या सकाळी नऊ वाजता कळणं आणि दहा दिवस आधी कळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणूनच त्याच दिवशी सकाळी सॅम्पल पाठवण्याची तिसरी पद्धत मला ठरलेल्या केससाठी अजिबात पटत नाही. रुग्ण रात्रीपासून उपाशी, ओटी तयार, आणि रक्तपेढीतून फोन येतो की जुळत नाही.

पण इथे एक अट आहे. तुमची रक्तपेढी अँटीबॉडी स्क्रीनिंग करते का, हे आधी विचारा. क्रॉसमॅच फक्त रुग्णाचा प्लाझ्मा त्या एका पिशवीशी जुळतो का एवढंच सांगते. स्क्रीनिंगमध्ये अँटीजन माहीत असलेल्या पेशी वापरतात, त्यामुळे रुग्णाच्या प्लाझ्मात मुळात काय आहे ते कळतं. स्क्रीनिंग होत नसेल तर दोन आठवडे आधी सॅम्पल पाठवून फारसं हाती लागत नाही. तिथे तीन दिवसांचा नियमच बरा.

दोन गैरसमज मला वारंवार दिसतात. पहिला सात दिवसांचा. आपल्या नियमांनुसार रक्त दिल्यानंतर रुग्णाचं आणि दात्याचं सॅम्पल सात दिवस जपून ठेवावं लागतं. रिअॅक्शन आली तर तपासता यावं, यासाठी ती तरतूद आहे. ‘सॅम्पल फ्रिजमध्ये आहे ना, त्याच्यावरच अजून एक पिशवी करून द्या,’ हा आग्रह त्या आधारावर धरू नये. पहिली पिशवी चढली त्या क्षणी रुग्ण तीन दिवसांच्या गटात गेला. दुसरा गैरसमज पिशवी अडकवण्याचा. सॅम्पलची मुदत वाढवली म्हणजे पिशवीही दोन आठवडे नावावर राखून ठेवायची असं नाही. सीपीडीए-1 (पिशवीतलं रक्त टिकवणारं द्रावण) मधलं रक्त 35 दिवस टिकतं, त्यातले चौदा एका न वापरलेल्या नावावर गेले तर दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचे गेले. स्क्रीनिंग लवकर, क्रॉसमॅच आदल्या दिवशी, हीच विभागणी योग्य. क्रॉसमॅच ज्यावर करतात त्या जेल कार्डवर 37 अंशांत 15 मिनिटं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये 10 मिनिटं, मूळ चाचणीला एवढाच वेळ लागतो.

सगळ्यात जास्त काळजी मला विचारपूस करण्याच्या पद्धतीची वाटते. वाढीव मुदतीचा सगळा भार रुग्णाच्या उत्तरावर असतो आणि ‘रक्त चढवलं होतं का?’ या प्रश्नाचं उत्तर सहज चुकतं. लोहाचं तपकिरी सलाईन लावलेली बाई ‘हो, रक्ताची बाटली लावली होती’ म्हणते, आणि तालुक्याच्या ठिकाणी खरोखर पिशवी चढलेले आजोबा ‘नुसतं सलाईन होतं’ म्हणतात. डिस्चार्ज कार्ड मागून बघा. प्लेटलेट आणि प्लाझ्मा दिला होता का तेही विचारा. गर्भधारणेचा प्रश्न सासूबाई किंवा नवऱ्यासमोर विचारू नका. पडदा ओढून, सिस्टरनी हळू आवाजात, ‘ताई, गेल्या तीन महिन्यांत दिवस गेले होते का, पिशवी साफ केली होती का?’ असं विचारलं तरच खरं उत्तर मिळण्याची शक्यता. ही विचारपूस दोनदा हवी: सॅम्पल घेताना आणि भरती होताना. मधल्या दहा दिवसांत गावाकडे रक्त चढलेलं असू शकतं.

रुग्णाच्या ओळखीत गफलत होण्याचा धोकाही वाढीव मुदतीत जास्त. ओपीडीत मनगटावर पट्टी नसते, ओपीडीचा नंबर वेगळा आणि भरतीनंतरचा वेगळा. ईडीटीए बल्बवर (रक्त गोठू न देणाऱ्या सॅम्पलच्या नळीवर) लेबल रुग्णासमोरच, रक्त काढल्याबरोबर लावायचं. भरतीच्या दिवशी फक्त गट पडताळायला दुसरं सॅम्पल घ्यायचं. गट दोनदा जुळला की चुकीच्या माणसाचं रक्त बल्बमध्ये गेल्याची भीती बरीच कमी होते. मग काय वाचलं, असं कुणी विचारेल. गट पाहायला काही मिनिटं लागतात, अँटीबॉडी ओळखायला कधी कधी दिवस जातात.

एक धोका मात्र दोन्ही पद्धतींत सारखाच राहतो. किड या रक्तगटाविरुद्धच्या अँटीबॉडीसारख्या काही अँटीबॉडी काळाच्या ओघात इतक्या कमी होतात की आजच्या ताज्या सॅम्पलमध्येही दिसत नाहीत. तिथे जुना रिपोर्टच उपयोगी पडतो. एकदा अँटीबॉडी सापडलेल्या रुग्णाला तसं लिहून द्या आणि तो कागद आधार कार्डाबरोबर ठेवायला सांगा.

माझा कौल असा. गुडघा, खुबा, प्रोस्टेट, मणका अशा ठरलेल्या केस, रुग्ण पुरुष किंवा पाळी गेलेली बाई, गेल्या तीन महिन्यांत रक्त नाही, आणि रक्तपेढीत स्क्रीनिंग होतं: इथे चौदा दिवसांची मुदत रक्तपेढीशी लेखी ठरवून घ्या. सिझेरियन, गर्भपिशवीच्या शस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस, थॅलेसेमिया, आणि कळवण-सुरगाण्याकडून येणारे सिकलसेलचे रुग्ण यांना तीन दिवसांचाच नियम लावा. त्यांच्यासाठीही स्क्रीनिंग आठवडाभर आधी करून घ्या, म्हणजे शोधाशोधीला वेळ मिळेल, आणि मग तीन दिवसांत दुसरं सॅम्पल पाठवा. दोन सॅम्पलचा खर्च होतो, नातेवाईकांची फेरी वाढते. तरी या रुग्णांच्या बाबतीत तो करावा. उत्तर देता न येणारा, बेशुद्ध किंवा एकटा आलेला रुग्ण आपोआप याच गटात धरायचा.