ओव्हरबूस्ट शोधताना: डायलवरचा काटा की मोबाइलवरचा आकडा?

रीमॅप केलेली, म्हणजे इंजिनच्या संगणकाचं (ईसीयूचं) प्रोग्रॅमिंग बदललेली, डिझेल गाडी घाटात अचानक बसते. चेक लाइट लागतो, पिकअप जातो. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की पुन्हा पहिल्यासारखी पळते. स्कॅन केलं की कोड निघतो पी०२३४, म्हणजे ओव्हरबूस्ट: टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा बाहेरच्यापेक्षा जादा दाब (बूस्ट) ठरलेल्याच्या वर गेला. इथपर्यंत बहुतेकांची गोष्ट सारखीच असते. प्रश्न पुढे येतो: बूस्ट नक्की किती जास्त होतोय आणि का, हे बघायला घ्यायचं काय? गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये (ओबीडी) खोचायचा ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइलवरचं ॲप, की नळी टाकून बसवायचा मेकॅनिकल बूस्ट गेज? मी दोन्ही घेतले आहेत. आधी डोंगल, आणि तीन महिन्यांनी गेज.

माझी गाडी २०१२ ची, १.६ लिटर, व्हीजीटी टर्बो, म्हणजे आतल्या पात्या हलवून बूस्ट कमी-जास्त करणारा. रीमॅप आणि फ्री-फ्लो (धूर मोकळा सोडणारा) एक्झॉस्ट, एवढंच काम केलेलं. रीमॅप करणाऱ्याने १.५ बारचा बूस्ट सांगितला होता.

डोंगलच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते मनापासून सांगतो. हजाराच्या आत मिळतो, कुठे भोक पाडायला नको, वायर कापायला नको. कोड वाचतो. कोड लागला त्या क्षणाची नोंदही दाखवतो, आरपीएम किती होता, लोड किती होता, वेग किती होता. माझ्या बाबतीत तिसरा गिअर आणि अडीच हजारांच्या आसपासचा आरपीएम हे मला त्यातूनच कळलं. शिवाय एक फुकटची तपासणी त्यानेच होते: इंजिन सुरू न करता नुसती चावी ऑन करा आणि मॅप सेन्सरचा (इनटेक मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांमधल्या दाबाचा सेन्सर; रीमॅपशी संबंध नाही) आकडा बघा. तो बाहेरच्या हवेचा दाब असतो. पुण्यात साधारण ९५ किलोपास्कल दिसायला हवा, मुंबईत १०० च्या जवळपास, महाबळेश्वरला ८६-८७. पुण्यात उभ्या गाडीत ११० दिसत असेल तर आधी सेन्सर बघा, टर्बोला हात लावू नका.

मग मला त्रास कशाचा झाला? २५५ चा.

सातारच्या वाटेवर खंबाटकी चढताना भावाला शेजारी बसवलं, मोबाइल त्याच्या हातात दिला आणि तिसऱ्यात पूर्ण ॲक्सिलरेटर दिला. आकडा १८०, २१०, २४० करत २५५ वर गेला आणि तिथेच थांबला. गाडी लिम्पमध्ये गेली, म्हणजे ईसीयूने इंजिन वाचवायला ताकद कापली. परत केलं, पुन्हा २५५. घरी येऊन लॉग उघडला तर आलेखाचा माथा पाचगणीच्या टेबललँडसारखा सपाट. मी हिशोब केला: २५५ मधून बाहेरचे ९५ वजा केले तर १६०, म्हणजे १.६ बार. ठरलेल्यापेक्षा एक दशांश जास्त. एवढ्यासाठी ईसीयू गाडी का बसवेल? म्हणजे सेन्सरच खोटं बोलत असणार. सेन्सर साफ केला, मग बदलला. नंतर बूस्ट कंट्रोल सोलेनॉइडही (ईसीयूच्या हुकुमावर टर्बोचं नियंत्रण करणारा विजेवरचा वाल्व्ह) बदलला. तीन महिने आणि बरेच पैसे गेले. खंबाटकीत गाडी तशीच बसत राहिली.

गोम अशी होती की ओबीडीच्या सर्वसाधारण भाषेत मॅनिफोल्ड दाबाच्या त्या आकड्याला एकच बाइट (संगणकातली माहिती साठवायची छोटी जागा) दिलेला आहे. एका बाइटमध्ये २५५ च्या पुढे मोजताच येत नाही. आतला दाब २६० असो की २९०, साधं ॲप २५५ च दाखवणार. कंपनीच्या स्वतःच्या स्कॅनरला त्यापुढचं दिसतं, पण मॉडिफाइड गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरमध्ये गेलं की पहिलं बोलणं त्या मॉडिफिकेशनवरच सुरू होतं. स्टॉक गाडीला ही मर्यादा फारशी बोचत नाही. ओव्हरबूस्ट शोधणाऱ्याला मात्र जिथून पुढे बघायचं आहे तिथेच पडदा पडतो, आणि तो पडला आहे हे ॲप सांगत नाही.

नंतर गेज घेतला, उणे १ ते ३ बारचा. बसवायला अर्धा दिवस गेला आणि हा त्याचा खरा तोटा आहे. इंटरकूलर आणि इनटेक मॅनिफोल्डच्या मधल्या पाइपवर टी (तीन तोंडांचा जोड) जोडायचा, नळी फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आत आणायची. रबरी ग्रोमेट न घालता पत्र्याच्या भोकातून नळी ओढली की काही महिन्यांत ती चिरते. काट्याला आठवणही नसते, पाहिलं तेवढंच. पीक होल्डचे, म्हणजे सर्वांत वरचा आकडा धरून ठेवणारे, इलेक्ट्रॉनिक गेज मिळतात, स्वतःच्या सेन्सरसकट, पण किंमत बरीच वाढते.

पण पहिल्याच चढावर काटा सरळ १.९ च्या पुढे गेला, तिथे क्षणभर अडकला आणि मग झटक्याने १.५ वर उतरला. तीन महिन्यांत जे कळलं नव्हतं ते त्या दोन सेकंदांत दिसलं. किती, हे तर कळलंच, पण जास्त उपयोगी पडली ती काट्याची चाल. उसळून अडकून उतरणारा काटा म्हणजे कंट्रोल उशिरा पोचतोय: व्हीजीटीच्या पात्या काजळीने जड झाल्यात, नाहीतर सोलेनॉइड सुस्त आहे. काटा जास्तीच्या आकड्यावर शांतपणे स्थिर राहत असेल तर रीमॅप करणाऱ्याशी बोला, बहुधा रीमॅपमध्ये बूस्टची मागणीच तेवढी लिहिलेली असते. वेस्टगेटच्या टर्बोत (यात जादा एक्झॉस्ट गॅस टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप असते) आरपीएमबरोबर काटा सावकाश वर वर सरकत असेल तर मोकळ्या एक्झॉस्टमुळे वेस्टगेट अपुरा पडतोय असं समजायला हरकत नाही.

माझा सोलेनॉइड नवाच होता. म्हणून मेकॅनिकने ॲक्च्युएटरला (पात्यांचा रॉड ओढणारा भाग) हातपंपाने व्हॅक्यूम दिला. रॉड वर गेला. व्हॅक्यूम सोडला तर अर्ध्यात थांबला आणि मग खटकन खाली आला. टर्बो उतरवून गरम (एक्झॉस्टची) बाजू उघडली तर पात्यांच्या कडीवर काजळीचा कडक थर. रोजचं सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधलं रेंगाळणं, दुसरं काय. साफ करून बसवल्यापासून काटा १.६ च्या वर गेलेला नाही.

डोंगलबद्दल आणखी एक सांगायला हवं. तो गाडीला मोजत नाही, ईसीयूला काय वाटतंय ते वाचतो. ट्यूनिंग बॉक्स (रीमॅपऐवजी सेन्सरच्या वायरींवर जोडायची ताकद वाढवणारी पेटी) लावलेल्यांनी याचा जरूर विचार करावा. काही बॉक्स बूस्ट सेन्सरच्या वायरमध्येच बसतात आणि ईसीयूला खऱ्यापेक्षा कमी दाब सांगतात, म्हणजे तो टर्बोला आणखी पळवेल. माझ्या मित्राच्या गाडीत असा बॉक्स होता. कोड नाही, लाइट नाही, ॲपवर आकडे अगदी गुणी. इंटरकूलरचा होज मात्र दोनदा क्लॅम्पमधून निसटला. माझा गेज तात्पुरता जोडला तेव्हा ॲप आणि काटा यांच्यात जवळपास तीन दशांश बारचा फरक निघाला.

तुमची गरज वेगळी असू शकते. बूस्ट १.३ च्या आत असेल, बॉक्स नसेल आणि फक्त कोड बघायचा असेल तर डोंगल पुरेल, गेजच्या खटपटीत पडू नका. रीमॅप किंवा एक्झॉस्टचं काम झालं असेल आणि पी०२३४ पुन्हा पुन्हा येत असेल, तर मी म्हणेन त्याच पैशांत आधी गेज घ्या. कोड कुठलाही ओळखीचा मेकॅनिक वाचून देईल.

आणि गेज बसवल्यावर चालवताना स्वतः त्याच्याकडे बघू नका. शेजारच्याला मोबाइल द्या, काटा आणि आरपीएम एकाच चौकटीत येतील असा व्हिडिओ काढायला सांगा. रिकामा चढ, तिसरा गिअर, दीड हजारापासून एकदाच पूर्ण दाबा. काटा सांगितलेल्या आकड्याच्या फार पुढे गेला की लगेच पाय काढा. तो व्हिडिओ पुसू नका. काम झालं की त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये दुसरा काढा.